चार्जिंगची गाडी आणि डावं मनगट

माझा हात ज्याच्या हाताला लागला, तो माणूस पुढचा दीड महिना आंघोळ करताना मला शिव्या देतो. मी त्याचं वाईट वाटून घेत नाही. ब्रह्मपुरीकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी बत्तीस वर्षं ड्रेसर होतो. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा, आणि डॉक्टरने मोडलेलं हाड जागेवर बसवलं की त्यावर प्लास्टर चढवणारा. भोयर हे माझं आडनाव, पण अर्धा तालुका मला प्लास्टरभाऊ म्हणूनच ओळखतो. लग्नात बुंदी वाढायला उभा राहिलो तरी पंगतीतून एखादा हात वर यायचाच, "भाऊ, ओळखलं का? हे तुमचंच मनगट हाय!" मग परात बाजूला ठेवून मी ते मनगट उलटसुलट करून पाहायचो आणि पंगत बुंदीची वाट पाहत बसायची.

प्लास्टर करणं म्हणजे भिंतीला गिलावा करणं असं लोकांना वाटतं. तसं नाही. आधी कापसाचा रोल गुंडाळायचा, फार जाड नाही, फार पातळ नाही. मग पट्टीचा रोल कोमट पाण्यात बुडवायचा आणि बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचं. घाईच्या माणसाला हे जमत नाही. घट्ट झालं तर बोटं निळी पडतात, सैल झालं तर हाड आतल्या आत सरकतं. प्लास्टर आळून येताना गरम होतं, तेव्हा पेशंट ओरडतो, "भाऊ, भाजून राह्यलं!" त्याला सांगायचं की हे असंच असतं, पाच मिनिटांत थंड होईल. दोन दिवसांनी बोटाने टिचकी मारून पाहायची. ओलं प्लास्टर मुकं असतं, वाळलेलं टणटण वाजतं. आणि आत काही घालायचं नाही हे दहादा सांगायचं, तरी लोक खाजवायला तुरीच्या काड्या घालतातच. रोवणीच्या दिवसांत मी एका बाईचं प्लास्टर कापलं तर आत धानाचे चार दाणे निघाले, त्यातल्या एकाला चक्क कोंब फुटलेला. बाई म्हणाली, "जमीन चांगली हाय तुमची."

बैलगाडीवरून पडलेले, चिंचेवरून पडलेले, मोटरसायकलवरून पडलेले, असे सगळे माझ्या हाताखालून गेले. नोकरीच्या शेवटच्या तीन-चार वर्षांत मात्र एक नवीनच जात यायला लागली. चार्जिंगच्या गाडीवरून पडलेले. इलेक्ट्रिक स्कुटीला आमच्याकडे चार्जिंगची गाडी म्हणतात. पेट्रोल नाही, धूर नाही, गिअर नाही, आवाज नाही. सुनेने घेतली की सासू शिकते, सासू शिकली की तिच्या मैत्रिणी शिकतात. ही गाडी सगळ्यांना सायकलची मोठी बहीण वाटते, आणि तिथेच सगळी गोम आहे.

आमच्या गल्लीतले एक निवृत्त गुरुजी. चाळीस वर्षं त्यांनी बिनब्रेकची सायकल चालवली. थांबायचं झालं की दोन्ही चपला रस्त्याला टेकवायच्या आणि घासत थांबायचं. मुलाने चार्जिंगची गाडी घेऊन दिली तरी पायाची सवय थोडीच जाते? बाजारात समोर हातगाडी आली, गुरुजींनी सवयीने दोन्ही पाय खाली सोडले, आणि एवढ्या वजनाची गाडी घोट्यावरून पुढे गेली. घोटा मोडला, टाचेची सालपटं निघाली. मी जखम धुताधुता विचारलं, "गुरुजी, ब्रेक काऊन नाई लावला जी?"

"लावला ना!" गुरुजी रागाने म्हणाले. "दोन्ही लावले!" आणि त्यांनी आपल्या दोन्ही पायांकडे बोट दाखवलं.

घोटा हा या गाडीचा आवडता अवयव. त्याच्या खालोखाल गुडघा, कोपर आणि हनुवटीची सालपटं, त्याच्याही खालोखाल गळ्याजवळचं हाड, हासळी. हासळीची गोष्ट सांगायची तर रमेश दूधवाल्याची सांगितली पाहिजे. हा पहाटेच्या उजेडात जंगलाच्या रस्त्याने दूध घेऊन निघायचा. आमच्याकडचे वाघ मोटरसायकलचा आवाज फर्लांगभरावरून ओळखतात आणि सभ्य माणसासारखे बाजूला होतात. पण चार्जिंगची गाडी त्यांच्याही अनुभवात नव्हती. वळणावर वाघ रस्त्यात बसलेला आणि रमेश पंधरा पावलांवर!

"वाघाले कळलंच नाई मी येऊन राह्यलो म्हून," रमेश सांगायचा. "अन् मलेही नाई कळलं थो बसून हाय म्हून. दोघंही दचकलो, भाऊ. थो झुडपात गेला, मी नालीत गेलो."

वाघाने केसालाही धक्का लावला नाही, हासळी मोडली ती नालीने. पण दवाखान्यात हासळीबद्दल कोणी विचारेना, जो येई तो वाघाबद्दल विचारी. हासळीला प्लास्टर नसतं, खांदे मागे ओढून पट्टी बांधायची असते आणि हात झोळीत ठेवायचा असतो. मी पट्टी बांधायला घेतली की हा वाघाची लांबी दाखवायला दोन्ही हात पसरायचा. तिसऱ्या दिवशी वाघ सात हातांचा झाला. शेवटी मीच हात जोडले, "रमेश, वाघ लहान कर बापा, नाईतर हाड जुळाचं नाई."

हसण्यासारखं नसतं ते एवढंच, डोकं. गाडी हळू चालते म्हणून हेल्मेट डिक्कीत ठेवून चालवणारे मी पाहिलेत. डोक्याला मार लागलेला माणूस आमच्याकडे थांबत नसे, त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागे, आणि त्यांच्यातले काही परत आले नाहीत. डोक्याला प्लास्टर करता येत नाही. हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचो आणि तुम्हालाही सांगतो.

आता मनगट. माणूस पडताना हात पुढे करतो. पोटात असताना कोणी शिकवलं नसेल, तरी करतो. सगळं वजन तळहातावर येतं आणि मनगटाच्या अलीकडे हाड मोडतं. वरून पाहिलं तर हाताला चमच्यासारखा बाक दिसतो. पन्नाशीपुढच्या बायकांची हाडं ठिसूळ झालेली असतात, त्यांच्यात हे फार. अशी कितीतरी मनगटं मी बांधली. पण त्यातलं एक माझ्या मानेवर बसलं ते आजपर्यंत उतरलेलं नाही. ते कांताबाईचं.

कांताबाई आमच्याच गावची, चोपन्न-पंचावन्नची, बोलायला फटाकडी. गावात बायकांचं भजन मंडळ आहे आणि त्यात कांताबाई खंजिरी वाजवते. बाईमाणसाने खंजिरी धरलेली गावाला पचत नव्हती, तेव्हापासून ती वाजवते आहे. पहिल्या पहिल्यांदा पारावरची माणसं हसायची. पुढे तीच माणसं जेवणं लवकर उरकून पुढची जागा धरायला लागली. मंडळात मुख्य गाणारी आमची सिंधू, म्हणजे माझी बायको. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याच्याशी संबंध आहे.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. म्हणजे भाजीची मंडई नव्हे, जत्राच म्हणा. पाहुणे येतात, दुकानं लागतात, लेकी माहेरी येतात. आमच्या मंडईत दुपारी महिला भजन मंडळांची स्पर्धा असते. सलग तीन वर्षं नदीपलीकडच्या गावाने पहिला नंबर नेला होता आणि सलग तीन वर्षं आमच्या घरी मंडईच्या दुसऱ्या दिवशी भाजी खारट झाली होती. यंदा काही झालं तरी नंबर आणायचा म्हणून बाया पोळ्यापासून तालमी करत होत्या. आणि नेमकं दसऱ्याला हे झालं.

दसऱ्याला गाड्यांची पूजा करतात. नवी गाडी असली की चाकाखाली लिंबं ठेवायची आणि पूजेनंतर गाडी पुढे घेऊन ती चिरडायची. कांताबाईच्या सुनेने, प्रणालीने, नवी चार्जिंगची गाडी अंगणात उभी केली, हार घातला, लिंबं ठेवली, गाडी चालू केली आणि नारळ राहिला म्हणून आत गेली. तेवढ्यात शेजारची बकरी आली आणि हँडलवरचा झेंडूचा हार खायला लागली.

पुढचं कांताबाईने आमच्या प्लास्टरच्या खोलीत, डावा हात उशीवर ठेवून, जसं सांगितलं तसंच देतो.

"मले काय मालूम गाडी चालू हाय म्हून? आवाजच नाई! मीनं या हातानं हँडल धरलं, न् या हातानं बकरीचा कान धरला. हँडल जरा पिळल्या गेलं असन. गाडी पळाली. गाडी पळाली म्हून मीनं घट्ट धरलं, अन् घट्ट धरलं म्हून ते अजून पळाली! प्रणाली दारातून बोंबलून राह्यली, सोडा आई, सोडा!"

"मग सोडायची ना!" मी म्हटलं.

"सोडली ना बापा! बकरी सोडली."

मंडळाच्या पाच बाया तिच्याबरोबर आल्या होत्या, त्या पाचही जणी एकदम हसल्या. बाहेरच्या रांगेतले पेशंट आत डोकावले. गाडी लिंबं चिरडून, रांगोळी तुडवून तणसीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात घुसली होती आणि कांताबाई अलीकडेच डाव्या तळहातावर पडली होती. गाडीला ओरखडा नव्हता. बकरीला ओरखडा नव्हता. कांताबाईचं डावं मनगट चमच्यासारखं झालं होतं.

आमच्या डॉक्टर मॅडम साताऱ्याकडच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या, कामाला चोख. त्यांनी एक्स-रे पाहिला, भुलीचं इंजेक्शन दिलं, मी कोपर धरून ठेवलं आणि त्यांनी हात ओढून हाड बसवलं. कांताबाईने त्या सगळ्यात एकच प्रश्न विचारला. "मॅडम, मंडईत खंजिरी वाजवता येईन का?"

"मंडई कधी आहे?"

"चार आठवड्यानं."

"प्लास्टर सहा आठवडे राहील," मॅडम म्हणाल्या. पाच बायांचे चेहरे पाच बाजूंना पडले. दुसरी कोणी खंजिरी वाजवणारी मंडळात नव्हती, आणि खंजिरीशिवाय ते भजन म्हणजे मिठाविना वरण.

तेव्हा मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, मॅडम, बोटं तर मोकळीच असतात. बोटं हलवत राहा असं आपणच सांगतो. खंजिरी डाव्या हाताने नुसती धरायची असते, वाजवतो उजवा. मॅडमनी थोडा विचार केला आणि हलकी खंजिरी असेल, मनगटाला झटका बसणार नसेल तर चालेल म्हणाल्या. सूज उतरल्यावर मी जे पक्कं प्लास्टर केलं ना, तसं बत्तीस वर्षांत केलं नाही. तळहाताच्या रेषेपर्यंतच आणलं, अंगठ्याजवळ बोटभर खोलगट कापलं, कडा बाळाच्या दुपट्यासारख्या दुमडल्या. कांताबाईने खंजिरी धरून पाहिली. बसली! सिंधूने त्या दिवशी मला न मागता दुसऱ्यांदा खीर वाढली.

दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. मॅडमनी मला बाजूला बोलावलं. "भोयरकाका, हाड थोडं सरकलंय. पुन्हा बसवलं तर उत्तम, पण मग नवं प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत करावं लागेल. नाही बसवलं तर हात कामाला येईल, पण मनगट जरा वाकडं राहील आणि तळहात पूर्ण उताणा होणार नाही. त्यांना हे सगळं नीट सांगा, तुमचं ऐकतात त्या. मग काय ठरतं ते मला कळवा." एवढं बोलून त्या बाळंतपणाच्या खोलीकडे धावल्या.

मी कांताबाईसमोर बसलो. हाड सरकल्याचं सांगितलं. कोपराच्या वरपर्यंतचं प्लास्टर आणि त्यात खंजिरी बंद, हे सांगितलं, आणि ते जरा रंगवूनच सांगितलं. न बसवल्यास मनगट वाकडं राहील हेही सांगितलं. तळहात उताणा होणार नाही, हे मात्र माझ्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. डोळ्यांसमोर मंडई दिसत होती, सिंधू दिसत होती, खीर दिसत होती. विसरलो नव्हतो. मुद्दाम सांगितलं नाही.

"राहू द्या वाकडं," कांताबाई म्हणाली. "मले का सोयरिक कराची हाय?"

मॅडमना जाऊन मी सांगितलं, त्या नको म्हणतात. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बरं म्हणाल्या.

त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना. दुसऱ्याचं हाड आणि त्याच्यावर आपला मतलब, हे मी कधी केलं नव्हतं. मग मी एक दिवसाआड कांताबाईच्या घरी जायला लागलो. बोटं पाहायचो, नखं दाबून रंग पाहायचो, झोळी नीट करायचो, जाताना चिवडा नाहीतर भजी घेऊन जायचो. जणू काही भज्यांनी हाड सरळ होणार होतं.

मंडईचा दिवस उजाडला. मंडप गच्च भरला. आमचं मंडळ उभं राहिलं, सिंधूने आवाज लावला आणि कांताबाईची खंजिरी अशी बोलायला लागली की जिलेबीवाला कढई सोडून आला. दुसऱ्या भजनात लय चढली. लय चढली तसा कांताबाईचा अंगठा थकला, मला तिसऱ्या रांगेतून दिसत होतं. आणि खंजिरी सुटली. ती स्टेजवरून घरंगळत, झांजा वाजवत, खाली गर्दीत गेली.

मी उठून उभा राहिलो. सिंधूचा आवाज अर्धी मात्रा थरथरला. पण कांताबाईने उजवा हात थांबवलाच नाही. खंजिरी गेली तर गेली, तिने तोच ठेका स्वतःच्या प्लास्टरवर धरला. टण टण टणाटण! वाळलेलं, कोरडं ठाक प्लास्टर, माझ्या हातचं. पाहुणे उभे राहिले, म्हाताऱ्यांनी टोप्या उडवल्या, कोणीतरी शिटी मारली. मीच मारली. खंजिरी माणसांच्या डोक्यांवरून हातोहात परत येईपर्यंत अख्खं कडवं प्लास्टरवर झालं.

निकालाआधी नदीपलीकडच्या मंडळाच्या प्रमुखबाईंनी आक्षेप घेतला. "नियमात पेटी हाय, ढोलकी हाय, खंजिरी हाय, टाळ हायेत. प्लास्टर नाई." परीक्षक तीन, तिघेही पागोटी बांधलेले म्हातारे. त्यांनी तज्ज्ञ म्हणून मला स्टेजवर बोलावलं.

"भोयरभाऊ, हे वाद्य हाय का उपचार?"

"उपचार हाय जी," मी म्हटलं. "अजून दोन हप्ते बाकी हाय."

तिघांनी डोकी एकत्र केली. "मंग उपचारावर आक्षेप घेता येत नाई." पहिला नंबर आमचा! बायांनी मला खुर्चीसकट उचलायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही, कारण मी खीर खाऊन जड झालो होतो.

दोन आठवड्यांनी मी कांताबाईचं प्लास्टर कापलं. कटरचा आवाज ऐकून माणसं घाबरतात, म्हणून आधी मी तो स्वतःच्या तळहातावर टेकवून दाखवतो. तो थरथरतो, कातडी कापत नाही. कवच उघडलं. मनगटावर उंचवटा होता. मी म्हटलं, "हात उताणा करा." कांताबाईने केला. तळहात पाऊण वळला आणि थांबला. मी तिचा हात हातात घेतला. मग एकदम बोलून गेलो. म्हटलं, कांताबाई, मला त्या दिवशी सगळं ठाऊक होतं. मॅडमनी सांगा म्हटलं होतं. मी तुम्हाला अर्धंच सांगितलं, मंडईपायी. माझं चुकलं.

कांताबाईने हात सोडवून घेतला आणि हसायला लागली. "मले मालूम होतं जी. मॅडमनं त्याच दिवशी सांजच्याले फोन केलता. सारं सांगतलं, हात उताणा होणार नाई हेही सांगतलं. मीच नाई म्हटलं."

"मग मला का नाही सांगितलं? माझी महिनाभर झोप उडाली!"

"तुमी दिवसाआड भजी घेऊन येत होते. सांगतलं असतं तं आले असते काय?" मग तिने तो पाऊण वळलेला हात माझ्यासमोर धरला. "अन् भाऊ, प्रसाद घ्यायले उजवा हात हाय मले. हा खंजिरी धराले हाय."

ती गेल्यावर मी तडक मॅडमच्या खोलीत गेलो. बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या सांगण्याची कोणी पुन्हा खातरजमा केली नव्हती. रागही आला होता आणि डोळ्यांत पाणीही होतं, आणि दोन्हींतलं काय आधी बाहेर पडेल याचा भरवसा नव्हता. म्हटलं, मॅडम, तुम्ही कांताबाईंना परस्पर फोन का केला?

मॅडम चिठ्ठी लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काका, मी दसऱ्याआधी तुमच्या गावच्या तालमीला आले होते ना. काकूंचा आवाज फार गोड आहे हो. मी तुमच्या जागी असते, तर मीही अर्धंच सांगितलं असतं."

मी होय मॅडम म्हटलं आणि पुढचं मनगट धरायला गेलो.